पंचवीस तारखेची गाडी

सुटायची वाट बघत उभ्या असलेल्या एसटीत नाताळच्या सुट्टीचे बेत रंगले होते. कुणी गोव्याला निघालं होतं, कुणी मामाकडे.

"बाई, तुमचा काय बेत?" एका आजींनी कंडक्टर अ‍ॅग्नेसताईंना विचारलं.

"आमचा सण याच गाडीत, आजी. रजा नाही मिळाली. पोरगी रुसून बसलीय घरी."

सणाची रजा हक्काची, असं वडिलांच्या कामगार संघटनेच्या पत्रकांत वाचतच मी वाढले. आजींच्या शेजारच्या सीटवरून चिडून काही बोलणार, तोच दुसऱ्या कंडक्टर सुनंदाताई खिडकीशी आल्या.

"अगं, पंचवीसला मी जाते. साहेबांना सांगून आले. दिवाळीला माझ्या जागी तूच गेलीस ना? करंज्या तेवढ्या पाठव."

हक्कासाठी मी उद्याही भांडेन. पण गाडी सुटली तेव्हा डोळ्यांपुढे ती रुसलेली पोरगी होती, आई सणाला घरी आहे हे ऐकणारी.