कुठले श्मिट?

हाइको श्मिट. जन्म हॅनोवर, वास्तव्य ओसाका, व्यवसाय छपाईयंत्रांची दुरुस्ती, धर्म विचारल्यास हसणे. सदर आडनावाच्या उल्लेखनीय व्यक्तींमध्ये जर्मनीचे एक चॅन्सेलर, काही फुटबॉलपटू, संगीतकार आणि शास्त्रज्ञ मोडतात. प्रस्तुत व्यक्तीचा त्यांच्याशी संबंध आढळला नाही.

ही चौकशी पार्ल्याच्या उल्हास दिघ्यांनी केली होती. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मुलीने, नंदिनीने, ओसाकाहून फोन करून लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “कुठले श्मिट?” जणू पेणचे की पनवेलचे. मग इंटरनेटवर नामवंत श्मिटांची घराणी धुंडाळण्यात आठवडा गेला. निष्पन्न एवढंच झालं, की श्मिट म्हणजे लोहार आणि तिकडे ते पोत्याने मिळतात.

“चॅन्सेलरांच्या नात्यातले नाहीतच ना?”

“बाबा, सगळे जोशी काय एकमेकांचे चुलतभाऊ असतात?”

लग्नाला ते गेले नाहीत. दर दिवाळीला हाइको फोनवर घोकलेलं “नमस्कार बाबा” म्हणे; उल्हासरावांची लाइन नेमकी तेव्हाच खराब होई.

मग एका सकाळी कामावर जाताना हाइको स्टेशनच्या जिन्यात कोसळला, तो गेलाच. जपानात दहनाला नंबर लागायला दिवस जातात. त्या कृपेने उल्हासराव धावपळीत व्हिसा मिळवून वेळेत पोचले. अस्थींसाठी तांब्याचा गडू आणला होता.

गडूचा उपयोग झाला नाही. भट्टीतून ट्रे बाहेर आला त्यात राख नावाला होती; हाडं होती, पांढरी, माणूस झोपल्यासारखी ओळीने. कर्मचाऱ्याने वाकून जेवायच्या असतात तशा लांब काड्या पुढे केल्या. एकेक अस्थी दोघांनी मिळून काड्यांनी उचलायची आणि बरणीत ठेवायची, अशी इथली पद्धत. हाइकोच्या आईला प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून नंदिनीने जोडीला आपल्या ऑफिसातल्या मोरिता-सानना, म्हणजे मोरितासाहेबांना, बोलावलं होतं.

“मी धरतो,” उल्हासराव म्हणाले.

“तुम्ही?”

“घरचं माणूस नको?”

नंदिनीने काड्यांची एक जोडी त्यांच्या हातात दिली. “बरं. फक्त त्याचा फोन टाकायचात तसं टाकू नका.”

आल्यापासून त्यांनी नूडल्ससुद्धा काट्यानेच खाल्ल्या होत्या. घोट्याचं एक हाड दोघांच्या काड्यांमध्ये उचललं गेलं. उल्हासरावांच्या काड्या एकमेकींवरून सरकू लागल्या.

“सावकाश, बाबा,” ती हळूच म्हणाली. या सुरात ती त्यांच्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

हाड पडलं. खडू पडावा तसा आवाज झाला.

“परत एकदा, नंदू. आता नीट धरतो.”

“राहू दे, बाबा.”

तिने मोरिता-सानकडे पाहिलं. ते आधी उल्हासरावांपुढे वाकले, मग त्यांच्या हातातून काड्या घेतल्या. उल्हासराव भिंतीशी जाऊन उभे राहिले, ते बरणी बंद होईपर्यंत.

उपस्थितांमध्ये त्यांची नोंद ‘मृताचे सासरे’ अशी झाली. जावयाला त्यांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.