माझ्या माघारी संपलेला खेळ

प्रिय कौस्तुभ आणि सई,

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा सावकाश वाचा, एका बैठकीत संपवायची घाई नाही. परवा फोनवर कौस्तुभ म्हणाला, "आजी, माझा तो जुना गेमचा डबा आहे ना तुझ्याकडे? एक मित्र येणार आहे तिकडे, त्याला देऊन टाक." मी "बघू" म्हटलं आणि विषय बदलला. तुला वाटलं असेल आजीला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. तो डबा मी देणार नाही, आणि त्याचं कारण सांगायचं तर पुष्पाबद्दल सांगावं लागतं. पुष्पाचं नाव निघालं की गेला दीड महिना माझा आवाज चढतो. भेटायला येणारे समजतात, मैत्रीण गेल्याचं दुःख आहे. दुःख आहेच, पण आवाज चढतो तो रागानं.

पुष्पा साळवे गेली हे मला आमच्या तिसऱ्या मैत्रिणीच्या, नसीमआपांच्या फोनवरून कळलं. सकाळचे दहा वाजले होते, मी मेथी निवडत होते. आपा म्हणाल्या, "वसुधा, पहले बैठ." मी बसलेलीच होते. "सिस्टर गई. आज फजर के वक्त. वैजापूर में." सिस्टर म्हणजे पुष्पा, फजर म्हणजे पहाटेची नमाज. पुष्पा पंधरा दिवसांसाठी लेकीकडे वैजापूरला राहायला गेली होती, चांगली चालती-बोलती. मी विचारलं, "अहो, पण झालं काय तिला?" आपांनी मलाच विचारलं, मी काही खाल्लं का. त्या विषय बदलण्यातून मला कळलं की ह्या बाईला उत्तर माहीत आहे, आणि आजचं नाही, बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे. उत्तर मला मुकुंदवाडीला तिच्या घरी, तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मिळालं. तिची लेक माझे हात धरून म्हणाली, "काकू, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. आईनं तुम्हाला सांगू नका म्हणून शपथ घातली होती." मी विचारलं, "मला एकटीलाच?"

आमची ओळख तुम्हाला नीट ठाऊक नाही. तुम्ही परदेशी गेलात त्या वर्षी मी न्हाणीघरात पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं वळेनात. पुष्पा सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, सकाळी बागेत फिरायला यायची, तेवढीच ओळख होती. रबरी चेंडू दाबायचा मला कंटाळा येतो म्हटल्यावर ती माझ्या घरी आली, इकडंतिकडं बघितलं आणि टीव्हीखालचा कौस्तुभचा डबा तिला दिसला. "ह्यो नातवाचा खेळ हाय ना? द्या इकडं तो रिमोट. दोन्ही अंगठे, चार बोटं, समदी कामाला लागत्यात. चेंडूपेक्षा लई बरं." त्याला कंट्रोलर म्हणतात हे मी तिला तीन वर्षांत शिकवू शकले नाही. तिच्यामागून नसीमआपा आल्या. उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्या आईची शुश्रूषा पुष्पानं केली होती. बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन ते पाच असं आमचं ठरून गेलं.

डब्यात जे खेळ होते त्यांतला एकच आम्हाला जमला. दोन मुली नदीच्या उगमापासून समुद्रापर्यंत निघालेल्या, वाटेत पडके किल्ले, भुयारं, कोसळलेले पूल. एकीनं दोर धरायचा, दुसरीनं चढायचं. दोघी खेळायच्या आणि तिसरी मागं बसून वाट सांगायची. पहिल्या भुयारात शिरलो तेव्हा आपा ओरडल्या, "अगे ये तो दौलताबाद की अंधारी है! सिस्टर, दाएँ नक्को जा, गिरेगी!" पुष्पा उजवीकडेच गेली आणि पडली. "आपा, तुमच्या शाळेतली पोरं पास कशी व्हायची हो?" "मेरी सुनते थे, इसलिए." असं सगळं चालायचं. तीन म्हाताऱ्या बायका ओरडतात म्हणून शेजाऱ्यांची सून एकदा काय झालं ते बघायला आली होती.

मी पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, त्यामुळे खेळाची वही घालणं ओघानंच आलं. प्रत्येक टप्प्यात बिया लपवलेल्या असतात. त्या नाही मिळाल्या तरी पुढं जाता येतं. पण मी नियम केला की टप्प्यातल्या सगळ्या बिया सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि तिघी असल्याशिवाय खेळायचं नाही. दोघींनी मान्य केला. एकूण बारा टप्पे. आठ आम्ही असेच पूर्ण केले. नवव्यात तीन बिया सापडेनात. एक आठवडा, दोन, मग महिना... आम्ही त्याच धबधब्याभोवती फिरत राहिलो.

"पुढं चला की, ताई," पुष्पा एक दिवस म्हणाली. "बिया काय पळून जात्यात का? समुद्र तरी बघू."

"अर्धवट टाकून पुढं जायचं तर खेळायचंच कशाला?" मी म्हटलं.

"व्हय बाई. तुमचं डोकं लायब्ररीचं."

पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

त्यानंतर मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस पुण्याला बहिणीकडे गेले. कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली पुष्पाकडे दिली. परत आले तर झाडं टवटवीत होती, ओटा पुसलेला होता, दूध आणून ठेवलेलं होतं. मी तिच्यासाठी पुण्याहून सुती गाऊन आणला होता. बुधवारी दोघी आल्या, आम्ही खेळायला बसलो आणि पुष्पा तडक धबधब्याच्या मागच्या कपारीत शिरली. बी! अर्ध्या तासात उलट्या होडीखाली दुसरी. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "नर्सची नजर आहे हो, उगाच नाही!" पुष्पानं आपांकडे बघितलं, दोघी हसल्या. मीही हसले... पोटभर हसले. तेव्हा ती बारीक दिसत होती. मी म्हटलंसुद्धा, "वजन उतरलंय तुझं." ती म्हणाली, "चालतीय ना रोज." शेवटच्या शनिवारी पाचला उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "लेकीकडं जाऊन येते. तिसरी बी माझ्याबिगर शोधू नका." दारातून वळून बघितलंसुद्धा नाही तिनं. मला तरी आठवत नाही.

पुण्यानुमोदनाहून आले त्या संध्याकाळी मी डबा लावला. आम्ही कुठं थांबलो होतो तेवढं बघायचं होतं. एरवी मी "पुढे चालू" दाबते आणि शेवटचा उघडलेला, म्हणजे आमचा खेळ उघडतो. त्या दिवशी चष्मा हातात होता, भलतंच बटण दाबलं गेलं आणि यादी उघडली. तीन खेळ साठवता येतात, त्यांतल्या दोन जागा कायम रिकाम्या असायच्या. दुसरी रिकामी नव्हती. तिथं आमचाच खेळ उतरवून घेतलेला होता आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं: बारावा टप्पा, पूर्ण. तारीख मी पुण्यात होते त्या आठवड्यातली. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर, माझ्या किल्लीनं आत येऊन त्या दोघी समुद्रापर्यंत गेल्या होत्या. आणि जाताना आमचा खेळ एकदा उघडून ठेवला होता, म्हणजे मला तोच दिसेल. इतकी काळजी घेतलेली.

दुसऱ्या दिवशी मी रोशन गेटला आपांच्या घरी गेले. बसले नाही.

"माझ्या घरात, आपा?"

"हौ. तेरेच घर में. वो मशीन और किधर थी?"

"मला सांगायचं नाही?"

"उसने कसम दी थी."

"तुम्हाला सांगितलं. आजारही, सगळंच. मग मला का नाही?"

आपांनी ओढणी सारखी केली. "बुरा मत मान. वो बोली..." आणि त्यांनी पुष्पाच्या बोलीत, तिच्याच आवाजात सांगितलं, "ताईला सांगितलं की ती वही काढंल. औषधाचा रकाना, उलटीचा रकाना. म्या जलमभर लोकांचे चार्ट भरले, आपा. माझा कुणी भरायला नगं."

मग म्हणाल्या, "आखिर में क्या है, बताऊँ? उसको बहुत पसंद आया. दो दफा देखी."

मी "नको" म्हटलं आणि रिक्षा करून घरी आले.

दीड महिना मी स्वतःशी म्हणत होते, हिनं मला विचारायचं तरी होतं. हे लिहिताना लक्षात आलं की तिनं विचारलं होतं, दोनदा. फक्त कारण सांगितलं नव्हतं. कारणाशिवाय मी ऐकत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि कारण कळलं असतं तर मी वही काढली असती, हेही खरं आहे. रकाने आखलेसुद्धा असते. पण हे सगळं कबूल केलं म्हणून फसवणूक कमी होत नाही. आजार लपवला, ते एक वेळ मी समजून घेईन. मला न घेता समुद्र बघितला, तेही कदाचित. त्या बुधवारी, त्यांना आधीच सापडलेल्या बियांसाठी मी टाळ्या वाजवत होते आणि त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, ते समजून घेणं मला अजून जमत नाही. तुम्ही मोठे झालात की कुणी तरी तुम्हाला सांगेल, मेलेल्या माणसावर रागावू नये. मी रागावलेली आहे.

आपा गेल्या दोन बुधवारी आल्या. मी दार उघडलं, चहा केला. टीव्ही लावला नाही. उठताना परवा त्यांना विचारलं, "तिसरी बी कुठं होती?" त्यांनी कान पकडले. "अल्ला की कसम, वो हमको भी नहीं मिली. सिस्टर दो दिन ढूँढी, फिर बोली, राहू द्या, ती ताईबरोबर शोधीन."

तर डबा माझ्याकडेच राहील. दुसऱ्या जागेवर त्या दोघींचा संपलेला खेळ आहे. तो मी बघितलेला नाही आणि पुसलेलाही नाही. पहिल्या जागेवर आमचा खेळ आहे. नवव्या टप्प्यात दोन मुली धबधब्यापाशी उभ्या आहेत, दोराचं एक टोक एकीच्या हातात, दुसरं दुसरीच्या. एक बी सापडायची आहे. ती कुठं आहे हे पुष्पालाही माहीत नव्हतं.