खिशातला लाल बिल्ला

तेलाच्या डेपोत त्याला सगळे मामा म्हणत. फाटकावरचा शिपाई मामा म्हणे, साहेबही मामा म्हणत, आणि ट्रकवाले तर ‘मामा, आम्हाला मामा बनवू नका’ ही शिळी कोटी रोज नव्याने करत. त्याची भाची शाळेत असताना दुपारी डबा घेऊन यायची आणि फाटकातून ‘मामा!’ अशी खणखणीत हाक मारायची. ती हाक सगळ्या डेपोने उचलली. त्याचं लग्न झालं नव्हतं. घरचं माणूस म्हणून एक मोठी बहीण, विधवा, आणि तिची ही एकुलती एक मुलगी.

माणूस नाकासमोर चालणारा. टाकीवर चढायचं, टेप सोडून तेलाची उंची मोजायची, खाली उतरून व्हॉल्व्ह उघडायचे नाहीतर बंद करायचे, हे त्याचं काम. चार टाक्या त्याच्याकडे होत्या आणि त्यांच्याशी तो घरच्या गुरांशी बोलावं तसं बोलत असे.

प्रत्येक टाकीभोवती कमरेएवढी भिंत असते. टाकी उतू गेली किंवा फुटली तरी तेल त्या भिंतीच्या आत साचून राहावं, बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी ती बांधलेली. भिंतीच्या बुडाशी पाणी काढायला एक पाइप, त्या पाइपला व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हला फिरवायचं चाक. पाइपातलं पाणी गटारात जातं आणि गटार खाडीत. म्हणून हा व्हॉल्व्ह कायम बंद हवा. पण दर महिन्याला आग विझवण्याची कवायत व्हायची, टाक्यांवर पाण्याचे फवारे सोडले जायचे आणि भिंतीच्या आत गुडघाभर पाणी साठायचं. ते निघून जायला चार-पाच तास लागत. नियम असा होता, की ज्याने व्हॉल्व्ह उघडला त्याने पाणी संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं. आता मला सांगा, पाणी वाहताना बघत पाच तास कोण उभं राहील? नियम करणारे खुर्चीत बसून नियम करतात.

मामाने त्यावर तोडगा काढला होता. ऑफिसातल्या खिळ्यावर पत्र्याचा एक लाल बिल्ला टांगला. व्हॉल्व्ह उघडणाऱ्याने तो खिशात टाकायचा आणि व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय परत खिळ्याला लावायचा नाही. चालताना बिल्ला मांडीला टोचायचा आणि व्हॉल्व्हची आठवण करून द्यायचा. नऊ वर्षं एकदाही चूक झाली नाही. या युक्तीचा त्याला अभिमान होता आणि तो काही खोटा नव्हता.

त्या दिवशी सकाळी कवायत झाली. मामाने तीन नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, बिल्ला पँटच्या खिशात टाकला. फवाऱ्याने तो नखशिखांत भिजला होता, अंगाला तेलाचा वास येत होता. भाची नर्सिंग शिकायला दूरच्या शहरात निघाली होती, तिची बस एक वाजता. असल्या अवतारात तिला निरोप द्यायला कसं जायचं? त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कपाटातले धुतलेले कपडे चढवले, ओली पँट खुंटीला अडकवली आणि सायकल हाणत स्टँडवर गेला. बिल्ला खुंटीवरच्या पँटमध्ये राहिला.

बस पाऊण तास उशिरा आली. तेवढ्यात डेपोत जाऊन परत येणं सहज जमलं असतं. पण तो, बहीण आणि भाची तिथे उभे राहून हसत होते. ‘इंजेक्शन देताना हात थरथरला तर पेशंटला म्हणायचं, माझ्या मामाने असंच शिकवलंय,’ असलं काहीतरी तो बडबडत होता. पुढे सगळ्यात जास्त छळलं त्याला या पाऊण तासाने.

त्या वेळी धक्क्याला लागलेलं जहाज तीन नंबरमध्ये काळं, जाड, भट्टीचं तेल ओतत होतं. टाकीतली पातळी दाखवणारा काटा दोन महिने मधूनच अडकायचा. तक्रार लिहून दिली होती आणि ती कुठल्याशा फायलीत सुखाने झोपली होती. अडीचच्या सुमाराला तेल टाकीच्या डोक्यावरून उतू आलं. तरीही बिघडलं नसतं, भिंत त्यासाठीच होती. पण भिंतीच्या बुडाशी पाइप सताड उघडा होता.

बहिणीला घरी सोडून मामा ओली पँट न्यायला डेपोकडे परतत होता, तेव्हा भोंगा ऐकू आला. तेव्हा कुठे त्याला व्हॉल्व्ह आठवला. सगळी माणसं पंपापाशी आरडाओरडा करत होती. तो धावत भिंतीच्या मागे गेला, चाक फिरवलं, व्हॉल्व्ह बंद केला. इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग ओल्या पँटमधून बिल्ला काढून त्याने तो खिळ्यावर लावला. हात धुतले नव्हते, म्हणून बिल्ल्यावर काळी बोटं उमटली. तीही त्याने पुसली.

चौकशीला तिघे तज्ज्ञ आले, उंटावरचे शहाणे. व्हॉल्व्ह बंद, बिल्ला जागेवर. भिंतीला एक जुनी चीर होती, तेल तिथूनच झिरपलं असणार, असं त्यांनी लिहिलं. काटा बदलला आणि भिंत किल्ल्यासारखी जाडजूड बांधून काढली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मामा मूग गिळून गप्प बसला. तो व्हॉल्व्ह होता तसाच राहिला, साधं कुलूपही न लावलेला.

तेल मात्र अहवाल वाचत थांबलं नाही. ओहोटीने ते खाडीत पसरवलं, भरतीने परत आणून खारफुटीत आणि चिखलात बसवलं. खारफुटीची श्वास घेणारी मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, त्यांवर काळा लेप बसला आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. बगळे चोचीने पंख साफ करायला गेले आणि तेच तेल गिळून मेले. खेकडे बिळातून बाहेर येऊन भर उन्हात पडून राहिले. वरचं तेल दिसू नये म्हणून कोणीतरी त्यावर औषध फवारलं, तेव्हा ते तळाला गेलं. डोळ्यांआड झालं एवढंच.

आणि त्या चिखलातच बहिणीचं पोट होतं. नवऱ्यामागे तिने ओहोटीला शिंपल्या वेचून लेक वाढवली होती. आता शिंपली उघडली की रॉकेलचा वास यायचा. ती दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करू लागली. तरी मोठी ओहोटी असली की चिखलात जायची, कोपरापर्यंत हात घालून मूठभर चिखल काढायची आणि हुंगायची. लोक डेपोवाल्यांना शिव्या घालू लागले की ही मध्ये पडायची. ‘माझा भाऊ त्या दिवशी रजेवर होता. तो असता तर एक थेंब बाहेर गेला नसता!’ मामा हे ऐकायचा. एखाद्याने कानाखाली वाजवली असती तर बरं, असं त्याला वाटायचं.

बारा वर्षं गेली. भाची नर्स झाली, आईला आपल्याकडे बोलावू लागली. बहीण ऐकेना. ‘चिखल बरा होतोय गं, थोडं थांबते,’ म्हणायची. एका रविवारी मामा तिच्याबरोबर ओहोटीला गेला. वरवर चिखल छान दिसत होता. तिने हात आत घातला, बाहेर काढला. बोटांवरून काळं पाणी ओघळलं.

ती तिथेच दगडावर बसली. ‘मेल्या भिंतीने घात केला रे धाकट्या. तू असतास तर...’

‘ताई, भिंत नव्हती,’ मामा म्हणाला. ‘व्हॉल्व्ह मी उघडा टाकला होता. पोरीला निरोप द्यायला स्टँडवर आलो तेव्हा.’

मग त्याने सगळं सांगितलं, बिल्ला पुसल्याचंही. ती हातावरचा चिखल बघत ऐकत होती. रडेल, शिव्या देईल, उठून जाईल, याची तयारी त्याने बारा वर्षं केली होती.

‘तो व्हॉल्व्ह आता तरी नीट आहे का?’ तिने विचारलं.

‘तसाच आहे. भिंत फुटली असं लिहिलंय ना, म्हणून भिंतच बांधली.’

आता मात्र ती चिडली. ‘म्हणजे उद्या परत कोणी विसरला तर परत हेच? आणि तू इथे मला सांगत बसलायस? मी जाऊन फिरवणार आहे का ते चाक? जा, जिथे सांगायचं तिथे सांग!’

सोमवारी त्याने साहेबांना सांगितलं. साहेब नवे होते. ‘मामा, निवृत्तीला दोन महिने राहिलेत, जुनी मढी कशाला उकरता?’ म्हणाले. मामाने कागद मागितला आणि सगळं लिहून सही केली. संध्याकाळच्या आत चारही चाकांना साखळी आणि कुलूप लागलं. एका दुपारचं काम. त्याला मात्र चौकशी होईपर्यंत फाटकाच्या आत यायला मनाई झाली.

पुढच्या रविवारी बहिणीकडे जावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी गेला. दारात दोन शेजारणी बसल्या होत्या, दोघीही पूर्वी शिंपल्या वेचणाऱ्या. त्यातली एक सवयीने म्हणाली, ‘या मामा. तुम्ही त्या दिवशी कामावर असता तर आमचे हे हाल झाले नसते, असं ही नेहमी सांगते.’

‘आता नाही सांगणार,’ बहीण आतून म्हणाली. ती दारात आली. ‘तेल याच्या हातून गेलं. माझ्या भावाच्या. बारा वर्षं मी तुमच्याशी खोटं भांडले.’

एक शेजारीण उठून निघून गेली. बहिणीने ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसली.

‘जेव,’ ती म्हणाली. तो नुसताच भात कालवत राहिला, ताटावरून उठायची त्याची हिंमत होईना.