दूध टाकणारी बाळं आणि त्यांची शहाणी माणसं

लसीकरणाच्या दिवशी माझ्या साडीचा खांदा पाहिला, की गावात यंदा किती बाळं झाली ते कळतं! करडी गावाच्या बाजूला एका उपकेंद्रात मी पंधरा वर्षं नर्स आहे. खांद्यावरचं दूध धुतलं की जातं. घरच्यांचे किस्से मात्र साचतच जातात. बाळं बिचारी नुसतं दूध टाकतात, बोलतात ती मोठी माणसं!

एक सासूबाई सुनेला हाताला धरूनच घेऊन आल्या. दीड महिन्याचा नातू बघावं तेव्हा दूध टाकायचा.

"सिस्टर, हिचं दूधच पातळ हाय. डब्याचं लिहून द्या."

"किती वेळा पाजता?" मी विचारलं.

सून हळूच म्हणाली, "रडला का पाज म्हणतेत. लंगोट ओला झाला तरी पाज, झोप आली तरी पाज."

"सासूबाई, पोटभर जेवल्यावर अर्ध्या तासानं तुम्हाले कोणी परत ताट वाढलं तर?"

"मी कायले खाईन? मले समजते ना!"

"त्यालेबी समजते. म्हणून तर बाहेर टाकतो!"

*

एक गुरुजी तर पिशवी घेऊन आले. आत लेकीनं खराब केलेले सात रुमाल, प्रत्येकाला वाराची चिठ्ठी!

"मॅडम, हा बुधवारचा पहा. पेलेलं सगळंच टाकून राहिली पोरगी."

बुधवारचा वास मला पिशवी उघडायच्या आधीच आला होता. पोरीला काट्यावर ठेवलं. वजन मस्त वाढलेलं! तरी गुरुजींना पटेना. शेवटी मी दोन चमचे पाणी घेतलं आणि त्यांच्या शर्टावर ओतलं. छातीपासून पोटापर्यंत डाग!

"बघा गुरुजी, हे फक्त दोन चमचे."

गुरुजी डागाकडे बघत म्हणाले, "मॅडम, तपासणी पोरीची होती!"

*

एका नव्या बापाला शिकवलं, पाजून झालं की बाळाला खांद्यावर उभं धरायचं, पाठ थोपटायची. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"सिस्टर, तासभर थोपटून राहिलो. आली ढेकर!"

"छान!"

"छान काय? मले आली! तो तर कवाचा झोपला."

*

आमचे तरुण डॉक्टरसाहेब आयांना स्लाईड दाखवतात. चौथ्या स्लाईडवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'बाळ खेळतंय, वजन वाढतंय, मग थोडं दूध टाकलं तर घाबरू नका.' मग त्यांना स्वतःला मुलगी झाली. दोन महिन्यांची असताना साहेबांचा फोन.

"सिस्टर, नाकातून आलं! नाकातून! लगेच या!"

"आता काय करतेय ती?"

"आता... हसतेय."

"सर, स्लाईड नंबर चार."

"अहो, ती स्लाईड लोकांच्या बाळांसाठी आहे!"

*

एकदा मात्र हसू आलं नाही. एका बाळंतिणीचा फोन आला. "सिस्टर, लेकरू हिरवं टाकून राहिलं."

हिरवं म्हणजे पित्त, तिथं थांबायचं नसतं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि मी स्कूटीवर पोचले. अंगणात झाडफूक करणारे एक बाबा बसलेले. सासरे म्हणाले, "नजर हाय. बाबांचं होऊ द्या. दहा दिवसांचं लेकरू घराबाहेर निघत नाही."

मी समजावलं, मग ओरडले. कोणी हलेना. इतक्यात ती पोरगीच उठली. बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि अनवाणीच दारात आलेल्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये जाऊन बसली.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "नजर तुम्ही काढा. लेकरू मी घेऊन चालली."

बाळाच्या आतड्याला पीळ पडला होता. नागपुरात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. "अजून उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं," तिथले सर्जन म्हणाले.

तीन महिन्यांनी बारसं झालं. सासऱ्यांनी मांडवात शाल-नारळ दिला. बाबांना! "यांच्याच कृपेनं वाचलं." मला आलूभात मिळाला.

सुनेनं नुकतंच पोटभर पाजलेलं बाळ उचललं, ढेकर न काढता थेट बाबांच्या हातात दिलं. "आशीर्वाद द्या, बाबा."

बाबांनी त्याला उंच उचललं. भळकन नव्या शालीवर दूध!

"अरे! अरे! हे काय?"

"काही नाही बाबा," सून म्हणाली, "पांढरं हाय!"