तिकिटातून सुटलेला सूर्योदय

“सोमवारी पूर्वेला जायचं नसतं, मंजू. दिशाशूल असतो,” दाजीकाका म्हणाले. स्क्रीनवर सोमवारचं भाडं होतं, बाकीच्या दिवसांच्या जवळपास निम्मं. मी ते होल्डवर टाकलं होतं. होल्ड म्हणजे पैसे न भरता सीट काही तास अडवून ठेवणं. संध्याकाळी सहाला तो सुटणार होता.

बनारसमध्ये दुर्गाघाटच्या गल्लीत माझी ट्रॅव्हल एजन्सी आहे, एक टेबल आणि दोन खुर्च्यांची. दाजीकाका आमचे शेजारी. जन्मभर पंचांगाचं गणित केलं, पण प्रयागच्या पुढे कधी गेले नाहीत. त्यांची सुलू फिजीतल्या वानुआ लेवू बेटावर असते, नवरा तिथे शिक्षक. तिचं पहिलं मूल गेलं होतं. आता दुसऱ्या बाळासाठी तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी डॉक्टर ऑपरेशन करणार होते. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. माहेरचं तिच्याजवळ कोणी असणार असेल, तर ते दाजीकाकाच. आणि महागडं तिकीट त्यांना परवडणारं नव्हतं.

मी आतून चिडले होते. एका वारासाठी मुलगी एकटी राहणार होती. दाजीकाका मात्र शांतपणे बोटांवर काहीतरी मोजत बसले.

“सोमवारचंच काढ,” ते म्हणाले. “त्याआधीच्या शुक्रवारी प्रस्थान ठेवतो.”

प्रस्थान म्हणजे चांगला मुहूर्त पाहून आपलं थोडं सामान जायच्या दिशेला आधीच नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. होल्ड सुटायला वीस मिनिटं असताना मी बनारस, दिल्ली, सिंगापूर, फिजी असं तिकीट काढलं. पुढे बेटापर्यंत छोटं विमान जातं. त्याचं तिकीट वेगळं, ते दुसऱ्या दिवशी काढलं.

तो शुक्रवार आला. काकांच्या घराच्या पूर्वेला नुसत्या पायऱ्या आणि गंगा. म्हणून उपरणं, सुपारी आणि तांदळाचं गाठोडं त्यांनी भोला नावाड्याच्या नावेत ठेवलं. तिथून ते तडक माझ्याकडे आले आणि एक कागद पुढे केला. संध्या चुकू नये म्हणून वाटेतले सगळे सूर्योदय त्यांनी मिनिटासकट काढले होते.

“सोमवारी काशी. मंगळवारी सिंगापूर. बुधवारचा विमानात, समुद्रावर. आणि तुझं छोटं विमान मंगळवारी दुपारी निघतंय. माझा एक सूर्योदय कुठे गेला, बेटी?”

मी तिकीट पुन्हा उघडलं. तिकिटावर उतरायच्या वेळेपुढे बारीक ‘+१’ असतं. म्हणजे विमान दुसऱ्या तारखेला, इथे बुधवारी, पोचतं. वीस वर्षं गिऱ्हाइकांना हे समजावत आले, आणि घाईत ते माझ्याच नजरेतून सुटलं.

लगेच फिजीला फोन लावला. छोट्या विमानाच्या कंपनीचं ऑफिस बंद व्हायला आलं होतं. फोनवरच्या बाई त्यांच्या गोड हिंदीत म्हणाल्या की बुधवारी एकच जागा आहे, नंतर थेट शनिवारी. मग त्यांनी काकांचं वजन विचारलं. इतक्या छोट्या विमानात माणसंही तोलून घेतात. “बावन्न किलो,” मी म्हणाले. बसतील, त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवला. सिंगापूरचा सूर्योदय नेटवर पाहिला. कागदावर तेच मिनिट होतं. मी थक्क होऊन त्या माणसाकडे बघत राहिले. त्याने समुद्रसुद्धा पाहिला नव्हता, आणि त्या बेटावर ऊन कधी पडतं ते त्याला ठाऊक होतं. मी माफी मागितली, तर म्हणाले, “अगं, चुकतं. गणित दोनदा करावं.”

सोमवारी नावेतून गाठोडं उचलून ते निघाले. बुधवारी संध्याकाळी बेटावर पोचले. गुरुवारी त्यांचा फोन आला.

“सुलू झोपली आहे,” ते अगदी हळू बोलत होते. “नात माझ्या हातात आहे.”

मी दुकानातच रडले.

आता कुठलंही तिकीट देण्याआधी मी प्रवासातले सूर्योदय बोटांवर मोजते, तेही दोनदा. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.