गिळलेली मात्रा

देवीपुढे हात जोडून बसले होते खरी, पण मनात प्रार्थना नव्हती, तक्रार होती. बावीस वर्षं अमरावतीत मुलींना कथक शिकवते, दर नवरात्रात तुझ्या अंगणात एक तरी मुलगी नाचवते, आणि नेमका आजच आमच्या तबलजींना ताप यावा? अंजनगाव सुर्जीच्या त्या देवळात मी भर दुपारी देवीला दटावत होते. आता लिहिताना लाज वाटते.

संध्याकाळी आरतीनंतर वेदिका पहिल्यांदाच एकटी नाचणार होती. तेल्हाऱ्याच्या शेतकरी घरातली ही मुलगी, मावशीकडे राहून आठ वर्षं माझ्याकडे शिकलेली. पण शेवटची तिहाई काही केल्या जमेना. तिहाईत एकच तुकडा तीनदा नाचून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय पडायला हवा. मी हातावर ताल धरून बोल म्हणत होते आणि ही दर वेळी माझ्या मागून एक मात्रा उशिरा येत होती. चारदा सांगितलं. पाचव्यांदा माझं डोकं फिरलं. जमलेल्या बायकांसमोर ओरडले, "आठ वर्षं माझ्याकडे झोपा काढल्या का?"

पोरगी खांबाशी बसली आणि घुंगरू सोडायला लागली. "पाचच्या बसनं मी तेल्हाऱ्याले जातो, ताई. आता नाच बंद."

ओसरीत देवळाचा नगारा दुरुस्त करायला अचलपूरहून एक म्हातारे चाचा आले होते. चामडं ताणता ताणता, मान वर न करताच म्हणाले, "बाई, पोरीवर गुस्सा नोका करू. पोरगी बराबर हाय. तुमीच मंधातला थांबा खाऊन राहिल्या."

मी उसळले. नगारा ठोकणारा माणूस मला ताल शिकवणार! त्यांनी वाद घातला नाही. हातोडीच्या दांड्याने लाकडावर एकसारख्या सोळा मात्रा ठोकत राहिले. "म्हना आता." मी म्हटलं, तर समेच्या एक मात्रा आधीच माझं संपलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन म्हटलं, तरी तेच. तुकड्यांच्या मध्ये दोन ठिकाणी अर्धी अर्धी मात्रा थांबायचं असतं, आणि ते थांबणंच मी गिळत होते. आमचे तबलजी भला माणूस. इतकी वर्षं हळूच ठेका पुढे ओढून ते मला समेवर आणून सोडायचे, आणि मला वाटायचं, मीच पोचले.

"तुले माईत होतं?" मी वेदिकाला विचारलं.

"दिवाळीपासून. मोबाइलवर ठेका लावून मोजलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं, ताई. तुमी म्हटलं, मले मोजनं नोको शिकवू."

मला ते आठवतही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. नाचातच कशाला, घरीही मी समोरच्याचं वाक्य पुरतं होऊ देत नाही. नवऱ्याने, बहिणीने मला सांभाळून घेतलं आणि मी समजत आले की माझंच बरोबर असतं. स्वतःचाच इतका वैताग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मी तिच्यापुढे खाली बसले, घुंगरू कपाळाला लावले आणि तिच्या पायात बांधायला घेतले. गुरूने शिष्येच्या पायाला हात लावायचा नसतो म्हणून तिने पाय मागे ओढला. "राहू दे," मी म्हणाले, "चुकलं माझं." मग तिने पाय पुढे केला.

संध्याकाळी चाचांनी देवळातल्या ढोलकीवर साधा ठेका धरला, मी बोल म्हटले. दोन्ही थांब्यांना माझा जीव वरखाली झाला, पण थांबले. वेदिकाचा पाय बरोबर समेवर पडला. तिच्या पाठीवर हात ठेवून मी वळले, तोवर चाचा प्रसाद घेऊन बस स्टँडकडे निघूनही गेले होते. नाव विचारायचं राहिलं.

याला योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. मी देवीकडे मला सांभाळून घेणारा माणूस मागत होते, तिने न सांभाळणारा पाठवला. तिचे उपकार फिटायचे नाहीत. स्वभाव काही एका नवरात्रात बदलत नाही, परवाच पुन्हा एका मुलीवर खेकसले. पण हल्ली देवीपुढे बसले की तिला दटावत नाही. एवढंच म्हणते, चूक दाखवणारं माणूस जवळ राहू दे, आणि त्याचं बोलून होईपर्यंत माझं तोंड तू धर.