नौबादची गोलकीपर

"पाहुणे यायलेत आणि फरशी तशीच पडलीय," असं सासूनं म्हटलं की ती म्हणायची, "येऊ द्या, बघते मी." मग पदर खोचून दोन्ही पायांखाली ओल्या फडक्याची एकेक घडी घ्यायची आणि शहाबादी फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी घसरत जायची. गुडघे वाकलेले, हात पुढं, नजर समोर. चुलीवर चहा उकळेपर्यंत सगळं घर पुसून व्हायचं. लग्न होऊन ती बिदरजवळ नौबादला आली त्याच आठवड्यात मी कुंपणाच्या भिंतीवरून हा प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, सरांनी बायको चांगली आणली, पण डोक्यानं जरा अधूच दिसते.

सर म्हणजे आमचे शेजारी. खासगी शाळेत गणित शिकवतात. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते, आणि आश्चर्य म्हणजे बायकोही सरच म्हणायची. घरात सर आणि त्यांची आई, दोघंच. आईला मी मावशी म्हणते. अंगणवाडीत जन्म गेलेली, शब्दाला धार असलेली बाई.

सरांची बायको मूळची ठाणाकुशनूरची. बाप कोरडवाहू शेतकरी, घर बुद्धविहाराला लागून. धावण्यात तालुक्यात पहिली यायची, म्हणून सीमेवर पहारा देणाऱ्या दलात भरती झाली आणि लागली ती थेट लडाखला. तोपर्यंत तिनं बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर.

"अक्का, तिथल्या पोरी पाय फुटल्यापासून बर्फावर हॉकी खेळायलेल्या," ती मला सांगायची. माझं बांगड्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे. सुट्टीवर आली की दुपारी येऊन बसायची. "मला धड उभं राहाता येईना. प्लॅस्टिकची खुर्ची धरून सरकत होते. शेवटी शिकवणारे उस्ताद म्हणाले, हिला गोलात टाका. तिथं आडवी पडली तरी कामाचीच."

"आणि तू गेलीस?"

"गेले की. पडायची लाज न्हाई, मग काय राहिलं?"

तुम्ही तिचे हात बघायला हवे होते. बांगड्या भरायला घेतले तेव्हा मला डाव्या पंजाला एक माप आणि उजव्याला दुसरं माप लागलं. त्या खेळात चेंडू नसतो, कडक रबराची काळी चकती असते आणि ती गोळीसारखी येते. ती चकती ही डाव्या हातानं झेलायची. तो पंजा सुजून सुजून कायमचाच रुंद झाला होता. मी हळहळले, तर म्हणाली, "अक्का, ह्याच पंजावर मला देशाच्या संघात घेतलं." मी मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या.

लग्न कसं ठरलं ते मावशीकडून ऐकण्यासारखं होतं. मुलगी बघायला ही मंडळी ठाणाकुशनूरला गेली. पोहे झाले, चहा झाला. मुलीला बोलायला सांगितलं तर तिनं सगळ्यांसमोर सरांना विचारलं, "दरसाल थंडीत मी घरी नसणार. गुडघे चालतील तोवर खेळणार. तुमाला जमंल का?"

सर घाबरट माणूस. बसमध्येसुद्धा खिडकीची काच लावून बसतात. ते म्हणाले, "मला थंडी सोसत न्हाई. मी घरीच थांबतो. तुम्ही जा."

"म्हंजे व्हय म्हणायलाय का न्हाई म्हणायलाय, कुणालाच कळंना," मावशी सांगायची. "मग ती हसली, तवा कळलं." विहारात पांढरी साडी नेसून, फुलांचे हार घालून लग्न झालं. पुढच्या थंडीत ती गेली आणि दलाच्या संघानं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

गल्लीला त्याचं काही नव्हतं. बर्फावर हॉकी म्हटल्यावर लोक हसायचे. पेपरात तिचा फोटो आला, पण तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगावर गादीएवढे पॅड. फोटोत आमची सून आहे हे सांगायला मावशी बोट ठेवून दाखवायची आणि लोक म्हणायचे, "कशावरून?" मावशी चिडायची, पण तिलाही आतून हे सगळं फार पटलं होतं असं नाही. पोरीची नोकरी सरकारी आहे, खेळ काय, दोनतीन वर्षांत सुटेल, असा तिचा हिशेब होता.

मग मुलगी झाली. गुबगुबीत, आईच्या वळणावर गेलेली, कुणी बोट दिलं की पकडून ठेवणारी. आणि मूल सहा महिन्यांचं होतं न होतं तोच निवड शिबिराचं बोलावणं आलं. परदेशात मोठी स्पर्धा होती. तिच्या जागेवर एक तरुण, चपळ पोरगी आली होती. शिबिरात ही उतरली नाही तर ती जागा गेलीच.

त्या दिवशी भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"बाळ मांडीवर असताना बर्फावर कामून जायलीस गं?" मावशीचा आवाज. "मेडल हायेत की घरात. अजून किती पायजेत?"

"मेडलसाठी न्हाई, आत्या."

"मग कशासाठी?"

ती म्हणाली, "तिथं मी उभी राहिले की मला माझी मी वाटते. हितं परत तशी वाटायचं असंल तर मला तिथं जाऊन यावं लागतं." तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत तिला रडताना मी तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीनं बाळाला काखेत घेतलं आणि सुनेला म्हणाली, "शरीर तरी चालतंय का बघ आधी."

मग आमच्या गल्लीत जे सुरू झालं ते नौबादनं कधी पाहिलं नव्हतं. पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर खडूनं गोलाची चौकट आखली. ती मध्ये वाकून उभी. सर टेनिसच्या चेंडूंची बादली घेऊन समोर. सरांचा चेंडू म्हणजे प्रसाद वाटल्यासारखा.

"सर, जोरात!"

"लागंल की गं."

"लागू द्या हो!"

सरांकडून ते होईना. मग गिरणीवाल्याची बायको पुढं झाली, मग कोपऱ्यावरची शिक्षिका, मग मी. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी पदर खोचला आणि फेकायला लागले. कुणाकुणाचा राग आठवून आम्ही बायका ते चेंडू फेकत होतो देव जाणे, पण हसू आवरत नव्हतं. ती डावीकडं झेपावायची, उजवीकडं पडायची, उठायची, "येऊ द्या अक्का, येऊ द्या!" म्हणायची. विश्वास ठेवा, एक चेंडू मी तिच्या काखेखालून आत घातला. ती आधी थक्क झाली आणि मग येऊन मला मिठी मारली. महिना संपता संपता मात्र तिनं एकही आत जाऊ दिला नाही.

शिबिर डेहराडूनला होतं, छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर. अंगावरचं दूध पिणारं मूल कुठं ठेवणार? सरांना शाळा. शेवटी मावशी म्हणाली, "मी येते." हैदराबादच्या पलीकडं कधी न गेलेली बाई. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बघते आणि घेऊनच येते तिला. तिथलं बघून तिचं तिलाच कळंल."

महिन्यानं दोघी परत आल्या. मावशी सामान ठेवून सरळ माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"काय झालं, मावशी?"

"पयल्या दिवशी मी काचंच्या बाहेर बाळाला घेऊन बसले. एका पोरीनं ती चकती अशी हाणली, हिच्या तोंडावरच्या जाळीवर खाडकन बसली. मी उठले आणि काच बडवली. म्हणलं, ए छोकरी, इत्ता जोर से नक्को मार! सगळं मैदान थांबलं की गं."

मी हसत सुटले. मावशी हसली नाही. तिचे डोळे कुठंतरी लांब होते.

"आपल्या घरात ती मला मीठ किती घालू म्हणून इचारती. तिथं ती ओरडायली, तू हिकडं हो, तू तिकडं हो, आणि सगळ्याजणी ऐकायल्या. सगळा खेळ तिला एकटीला दिसतो म्हणं, मागून. दम लागला तिला की बाहेर यायची, ते ढालीवानी पॅड तसेच पायाला, बाकड्यावर बसून लेकराला पाजायची. पाजून झालं की परत आत." मावशीनं पदरानं नाक पुसलं. "अंगणवाडीत पन्नास लेकरं सांभाळली मी. पण माझ्या शब्दावर असं मैदान कधी हाललं न्हाई."

"मग? निवडली?"

"निवडली म्हंजे! त्या तरण्या पोरीनंच सांगितलं म्हणं, दीदी असताना मी बाहेर बसते, शिकते."

स्पर्धेचा शेवटचा सामना आमच्या घरी पाहिला, कारण आमचा टीव्ही मोठा. दुपारची वेळ. माझ्या दुकानाच्या काउंटरपर्यंत बायका दाटल्या होत्या. ज्यांनी "कशावरून?" विचारलं होतं तेही दारात उभे. त्या मुखवट्यामागं कोण आहे हे आता कुणाला सांगावं लागत नव्हतं. ती वाकून उभी राहायची पद्धत सगळ्या गल्लीच्या ओळखीची झाली होती.

समोरच्या संघाच्या पोरी हातभर उंच. बरोबरी सुटेना. शेवटी दोन्हीकडच्या खेळाडूंनी आळीपाळीनं एकेकटीनं यायचं आणि गोलकीपरला चकवायचं, असं ठरलं. आपल्या पोरीनं एक गोल घातला, त्यांचा अजून एकही नव्हता. आता त्यांची शेवटची खेळाडू. हिनं अडवलं तर सोनं.

सर उठून अंगणात निघून गेले. त्यांना बघवेना. मावशीनं आता वरच्या दुधावर आलेल्या बाळाचं तोंड टीव्हीकडं फिरवलं आणि म्हणाली, "बघ, तुजी माय बघ."

ती उंच पोरगी डौलदार वळणं घेत आली. डावीकडं हूल दिली, उजवीकडं वळली. आमची खाली बसली, पाय फाकवला, आणि चकती वर उडाली. तेवढ्यात तो डावा पंजा वर गेला आणि मिटला. पंच जवळ आला. तिनं पंजा उघडून दाखवला.

त्यानंतर आमच्या घरात काय आरडाओरडा झाला ते मला सांगता येणार नाही, कारण मीच सगळ्यात जास्त ओरडत होते. सर अंगणातून धावत आले, "काय झालं? काय झालं?" आणि मावशीनं त्यांच्या हातात लेक ठेवून सगळ्यांसमोर त्यांचा गालगुच्चा घेतला.

ती आली तेव्हा बिदरच्या स्टेशनपासून हलगी होती. ठाणाकुशनूरहून दोन टेम्पो भरून माणसं आली, हुलसूरहून तिच्या आजोळचे आले. उघड्या जीपमध्ये ती उभी, गळ्यात हार, सोनं आणि निळा गमछा. सर मागच्या सीटवर मफलर बांधून. आमच्या गल्लीत जीप थांबवून ती उतरली आणि चेंडू फेकणाऱ्या सगळ्या बायकांच्या गळ्यात एकेकदा ते मेडल घातलं. जड होतं. माझ्या गळ्यात घातलं तेव्हा कानाशी म्हणाली, "अक्का, तुमचा तो एक गेलेला चेंडू मला लई कामाला आला. तवापासून काखेखालची फट मी उघडी सोडली न्हाई."

आता गुडघ्यांनी सांगितलं म्हणून तिनं खेळणं थांबवलंय. दलानं तिला लडाखलाच प्रशिक्षक केलंय. सरांनीही तिथल्या शाळेत गणित धरलं. अंगात दोन स्वेटर घालून ते थंडीत मुलं शिकवतात. मावशी जाणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. पण निघायच्या दिवशी जीपमध्ये पुढच्या सीटवर तीच आधी जाऊन बसली. शेजारच्या घराला कुलूप आहे. त्यांच्या लिंबाला मी पाणी घालते.

मागच्या महिन्यात तिनं एक व्हिडिओ पाठवला. पांढराशुभ्र बर्फ, मागं उघडे डोंगर, आणि लाल गालांच्या लडाखी पोरींची रांग. रांगेतली सगळ्यात लहान तिची लेक. एक पोरगी धाडकन पडली. तिला उठवायला कुणी हात दिला नाही. बाकीच्या सगळ्या पोरी, ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही, टाळ्या वाजवून एका सुरात ओरडल्या, "ऊठ की गं! ऊठ की गं!"

आणि ती उठली.